अंबरपूर ते सोवेटो : विकलेले, वाचवलेले आणि बोलणारे मूल

लातूर जिल्ह्यातील औशाचे आणखी एक नाव जुन्या नोंदींत सापडते : अंबरपूर. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने हा भुईकोट निजामशाहीकडे परत आणला आणि त्याच्या नावावरून गावाला हे नाव पडले. पुढे लोकांच्या तोंडी त्याचे अमरापूर झाले, मग तेही मागे पडले आणि औसा तेवढे उरले. नांदेडच्या इतिहासातही अंबर येतो, पण पराभूत म्हणून. १६०२ मध्ये नांदेडजवळ अब्दुर्रहीम खानखानानचा मुलगा मिर्झा इरज याने त्याचा पराभव केला. अंबर जखमी होऊन पडला. त्याच्या हबशी आणि दखनी साथीदारांनी त्याला रणातून उचलून नेले, म्हणून तो वाचला. ते साथीदार त्या दिवशी कमी पडले असते तर खडकी वसली नसती, तिथली नहर खोदली गेली नसती आणि जहांगीर बादशहाला दक्षिणेने झोपही लागू दिली असती.

हे सारे आपण शाळेत थोडेफार शिकतो. मलिक अंबरचा गनिमी कावा, जमिनीची मोजणी करून प्रतवारीनुसार ठरवलेला त्याचा धारा, १६२४ ची भातवडीची लढाई, तीत शहाजीराजांनी गाजवलेला पराक्रम आणि शरीफजींना आलेले मरण या गोष्टी मराठी वाचकाला परक्या नाहीत. परक्या राहिल्या आहेत त्या अंबरच्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांच्या गोष्टी. सेनापती होण्यापूर्वी तो आफ्रिकेतून विकला गेलेला एक मुलगा होता.

१६ जून हा ‘आफ्रिकी बालकदिन’ म्हणून पाळला जातो. आफ्रिकी एकता संघटनेने १९९१ मध्ये तो सुरू केला. साधारण याच सुमारास आपल्याकडे उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडतात आणि हा दिवस कोणाच्या ध्यानातही न येता निघून जातो. तो दूरच्या खंडाचा दिवस आहे असे आपण धरून चालतो. पण आफ्रिकी मूल आपल्या भूमीवर एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा येऊन गेले आहे. पहिल्यांदा ते विकले जाऊन आले, नंतर कोणीतरी वाचवले म्हणून आले. तिसऱ्यांदा ते आले नाही, पण सोवेटोच्या रस्त्यावरून त्याने जे विचारले ते मराठवाड्याला ओळखीचे वाटावे असे होते. या तीन मुलांची हकीकत एकामागून एक ठेवली की बालकाचा ‘हक्क’ म्हणजे नेमके काय, आणि ती गोष्ट दयेहून वेगळी कशी, हे स्पष्ट होते.

सुगंधी नावाचा मुलगा

अंबरचे मूळ नाव चापू. जन्म १५४८ च्या सुमाराचा, दक्षिण इथिओपियातील कंबाटा भागातला. ‘फुतूहात-इ-आदिलशाही’ या फारसी ग्रंथानुसार आईवडिलांनीच त्याला विकले. तांबडा समुद्र ओलांडून तो येमेनमधील मोखा बंदरात आला. तिथे पुन्हा विक्री झाली आणि अखेर तो बगदादच्या मीर कासिम या व्यापाऱ्याच्या हाती पडला. मुलगा हुशार आहे हे मीर कासिमने ओळखले, त्याला शिकवले, इस्लामची दीक्षा दिली आणि नवे नाव दिले : अंबर.

मराठी कानाला या नावात आकाश ऐकू येते. अरबी-फारसीत मात्र अंबर म्हणजे देवमाशापासून मिळणारे, बाजारात मोठ्या मोलाला विकले जाणारे एक सुगंधी द्रव्य. गुलामांना अशी नावे देण्याची रीतच होती. याकूत म्हणजे माणिक, काफूर म्हणजे कापूर. देवगिरीवर चालून आलेल्या मलिक काफूरला तर ‘हजारदिनारी’ असे किमतीवरूनच म्हणत. ज्याला विकायचे त्याला मालाचे नाव द्यायचे, हा त्या बाजाराचा हिशेब होता. चापूच्या विक्रीची रक्कम काही नोंदींत उतरली आहे. त्याच्या आईचे नाव कुठेही उतरलेले नाही.

हा बाजार कशावर चालत होता? इथिओपियाच्या उंच पठारावरून किनाऱ्याकडे सोने, हस्तिदंत आणि गुलाम येत. किनाऱ्यावरून पठाराकडे जाणाऱ्या मालात भारतीय कापडाला मोठी मागणी असे. दख्खनच्या इतिहासाचे अभ्यासक रिचर्ड इटन यांनी या देवघेवीकडे लक्ष वेधले आहे. आपल्याकडच्या मागावर विणलेले सुती कापड आणि त्या पठारावरची मुले एकाच व्यापारात समोरासमोर येत होती. चापूची कथा सांगताना ‘तिकडचे क्रूर लोक’ असे म्हणून हात झटकता येत नाहीत, ते यासाठी.

१५७०च्या दशकाच्या आरंभी अंबर दख्खनमध्ये आला. त्याला विकत घेणारा चंगीझखान हा निजामशाहीचा पेशवा होता, आणि तो स्वतःही एकेकाळी गुलाम म्हणूनच इथे आलेला हबशी होता. त्याच्या पदरी असे हजारभर हबशी होते. धनी मेला की त्याच्या पदरचे गुलाम बहुधा मोकळे होत, एखाद्या सरदाराकडे शिपाईगिरी धरत आणि अंगात कर्तृत्व असेल तर वर चढत. दख्खनमधील गुलामी अमेरिकेतल्या मळ्यांवरच्या गुलामीहून या बाबतीत वेगळी होती. चंगीझखानाच्या मृत्यूनंतर अंबर मोकळा झाला, विजापूरकडे चाकरी करून ‘मलिक’ किताब मिळवला, थोडे घोडेस्वार घेऊन निजामशाहीत परतला आणि १६०० मध्ये अहमदनगर पडल्यावर परांड्याच्या किल्ल्यात नवा निजामशहा गादीवर बसवून स्वतः राज्याचा कारभारी झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. १६२६ मध्ये तो वारला. खुलदाबादला त्याची कबर आहे.

ही कथा नेहमी ‘गुलामाचा झाला राज्यकर्ता’ अशी सांगितली जाते आणि ऐकणाऱ्याला समाधान वाटते. मात्र त्या समाधानात एक चूक लपलेली असते. चंगीझखानाच्या पदरी हजार हबशी होते, त्यांतला एक अंबर झाला. बाकीचे नऊशे नव्याण्णव कुठल्या लढाईत पडले, कुठे पुरले गेले, याची नोंद नाही. वर चढलेल्या एका माणसाने बाजार न्याय्य ठरत नाही. चापूला काय हवे होते, हे त्याच्या आयुष्याच्या पहिल्या पंचवीस वर्षांत कोणी विचारले असेल असे एकाही ग्रंथावरून दिसत नाही.

नाशिकची मुले

अंबर गेल्यावरही अरबी समुद्रावरचा हा व्यापार थांबला नाही. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून मुलामाणसांनी भरलेली गलबते अरबस्तानाकडे जात आणि गुलामांच्या व्यापारावर बंदी घातलेल्या ब्रिटिशांची आरमारी जहाजे त्यांतली काही पकडत. सुटका झालेल्या मुलांचे करायचे काय, हा प्रश्न मग मुंबई सरकारपुढे येई. गाव शेकडो मैल आत, वाट ठाऊक नाही, परत पाठवले तर पुन्हा धरले जाण्याची भीती. अशी अनेक मुले मुंबईहून नाशिकला पाठवली गेली.

नाशिकजवळ चर्च मिशनरी सोसायटीने एक ख्रिस्ती वसाहत उभारली होती. तिचे नाव शरणपूर. म्हणजे शरण आलेल्यांचे गाव. नाशिककर आजही शरणपूर रोड म्हणतात, पण त्या नावामागे आफ्रिकी मुलेही आहेत हे फार थोड्यांना ठाऊक असते. तिथल्या ‘आफ्रिकन असायलम’मध्ये ही मुले लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम आणि लोहारकाम शिकली, ख्रिस्ती झाली. त्यांचीही नावे बदलली : जेकब, मॅथ्यू, विल्यम, कॅरस. जगाने त्यांना ‘नासिक बॉइज’ म्हटले. आफ्रिकेच्या इतिहासात आपल्या नाशिकचे नाव अशा रीतीने कायमचे लागले आहे.

१८६५ मध्ये शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन शेवटच्या मोहिमेच्या तयारीसाठी मुंबईस आला, तेव्हा त्याने शरणपूरमधून नऊ तरुण निवडले. पुढे १८७२ मध्ये त्याच्याकडे पाठवलेल्या मदतीच्या तुकडीतही नाशिकचे तरुण होते. १ मे १८७३ रोजी आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. त्याच्या माणसांनी त्याचे हृदय तिथेच एका झाडाखाली पुरले, देह वाळवून गुंडाळला आणि महिनोन् महिने पायी चालत किनाऱ्यापर्यंत आणला. पुरताना प्रार्थना वाचणारा आणि झाडाच्या खोडावर अक्षरे कोरणारा होता जेकब वेनराइट, नाशिकला लिहायला शिकलेला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये लिव्हिंग्स्टनचा दफनविधी झाला, तेव्हा शवपेटीसोबत चालणाऱ्या मानकऱ्यांत जेकब होता.

मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या प्रयत्नांनी १८७३ मध्ये झांजीबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. त्यानंतर मोंबासाजवळ सुटका झालेल्यांसाठी ‘फ्रियर टाउन’ वसवण्यात आले आणि शरणपूरची मंडळी तिकडे पाठवली गेली. पूर्वी शरणपूर सांभाळणारे विल्यम प्राइस यांच्याकडेच त्या वसाहतीची उभारणी होती. ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणून ओळखले जाणारे हे लोक तिथे शिक्षक झाले, कारागीर झाले, उपदेशक झाले. त्यांतल्या विल्यम जोन्स यांनी मोंबासाजवळच्या रबाई येथे धन्याकडून पळून आलेल्या गुलामांना आसरा दिला. वाचवलेल्या मुलाने मोठेपणी दुसऱ्यांना वाचवले. हे मोठे काम होते आणि त्याचे मोल कमी करण्याचे कारण नाही.

तरीही चापूच्या बाबतीत पडलेला प्रश्न इथेही पडतो. धर्म कोणता, नाव कोणते, कसब कोणते, राहायचे नाशिकला की मोंबासाला, हे सारे ठरवणारे दुसरेच होते. त्यांच्यातील अनेकांचे मूळ प्रदेश न्यासा सरोवराच्या बाजूला, दूर आत होते. मोंबासाचा किनारा हे त्यांचे घर नव्हते. मिशनने त्यांना दयेने वागवले. दया आणि हक्क यांत फरक असा की दया देणाऱ्याच्या मनावर अवलंबून असते. देणाऱ्याचे मन चांगले असेपर्यंत तो फरक जाणवत नाही.

सोवेटोचा बुधवार

तिसरे मूल १६ जून १९७६ च्या बुधवारी रस्त्यावर उतरले. दक्षिण आफ्रिकेत १९५३ च्या ‘बांटू शिक्षण कायद्या’ने काळ्या मुलांसाठी वेगळे आणि हलके शिक्षण ठरवून दिले होते. १९७४ मध्ये त्यावर आणखी एक हुकूम आला : गणित आणि समाजशास्त्र यांसारखे विषय आफ्रिकान्स भाषेतून शिकवायचे. ही सत्ताधारी गोऱ्यांची भाषा. मुलांना ती धड येत नव्हती आणि शिक्षकांपैकी पुष्कळांनाही येत नव्हती. जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोमध्ये शाळाशाळांतून हजारो विद्यार्थी निघाले. हातात फलक, अंगावर गणवेश. ओरलँडो वेस्ट भागात पोलिसांनी गोळ्या झाडल्या.

बारा वर्षांचा हेक्टर पीटरसन त्यात मारला गेला. म्बुयिसा माखुबो या तरुणाने त्याला दोन्ही हातांवर उचलले आहे, शेजारून हेक्टरची बहीण आंत्वानेत धावते आहे, हे सॅम न्झिमा यांनी टिपलेले छायाचित्र जगभर छापले गेले. पुढच्या काही महिन्यांत देशभर शेकडो लोक मेले, त्यांत शाळकरी मुले पुष्कळ होती. नावाची गोष्ट इथेही आहे. या कुटुंबाचे मूळ आडनाव पित्सो. वर्णभेदाच्या कायद्यात ‘मिश्रवर्णीय’ गणले गेले तर थोड्या सवलती मिळत, म्हणून त्यांनी पीटरसन हे आडनाव घेतले होते.

चापू आणि जेकब यांच्यापेक्षा हेक्टरची पिढी एका बाबतीत वेगळी होती. त्यांच्यासाठी दुसरे कोणी बोलत नव्हते. ती मुले स्वतः बोलत होती. आम्ही कोणत्या भाषेत शिकायचे हे ठरवताना आम्हाला विचारा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. म्हणून आफ्रिकेने बालकदिनासाठी कुठल्या नेत्याचा वाढदिवस निवडला नाही, मुलांच्या मोर्चाची तारीख निवडली.

१९९० मध्ये अदिस अबाबा येथे आफ्रिकी राष्ट्रांनी ‘बालकांचे हक्क व कल्याण’ याविषयीची आपली स्वतंत्र सनद स्वीकारली. ती १९९९ मध्ये अमलात आली. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९ चा, पण आपल्या खंडाची दुखणी त्यात पुरेशी आलेली नाहीत असे आफ्रिकी देशांना वाटत होते. या सनदेचे २६ वे कलम वर्णभेदापासून मुलांचे रक्षण करते. २९ वे कलम मुलांची विक्री आणि पळवापळवी रोखते आणि बजावते की हे करणारा कोणीही असो, आईवडील किंवा पालक असले तरीही ते चालणार नाही. चापूच्या विक्रीनंतर चार शतकांनी त्याच्याच मायदेशाच्या राजधानीत हे वाक्य मंजूर झाले. चौथ्या कलमात, ज्या कामकाजाचा मुलावर परिणाम होतो त्यात त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, अशी तरतूद आहे. नाशिकच्या मुलांना जे मिळाले नाही ते इथे शब्दांत आले.

परक्या माध्यमाचा वर्ग

शिक्षणाच्या भाषेवरून झालेला हा संघर्ष मराठवाड्याच्या जुन्या पिढीला समजावून सांगावा लागला नसता. निजामाच्या हैदराबाद संस्थानात १९४८ पर्यंत आपण होतो. प्राथमिक शाळेत मराठी चाले, पण त्यापुढचे शिक्षण उर्दूतून होते. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. नांदेडचा किंवा लातूरचा मुलगा भूमिती आणि इतिहास घरी न बोलल्या जाणाऱ्या भाषेत शिके. ज्याला जमत नसे तो गळे. मातृभाषेतून आणि राष्ट्रीय वृत्तीने शिकवता यावे म्हणून १९२१ मध्ये हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. स्वामी रामानंद तीर्थ पुढे तिथेच मुख्याध्यापक होते. १९३८ च्या अखेरीस वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास मनाई झाली, तेव्हा उस्मानियाच्या विद्यार्थ्यांनी संप केला. त्यांना काढून टाकण्यात आले आणि त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच एक.

दोन्ही प्रसंग सारखे नाहीत. आफ्रिकान्स वर्णवर्चस्वाची भाषा म्हणून लादली गेली होती. उर्दू ही याच देशात घडलेली समृद्ध भाषा आहे आणि नांदेडच्या कितीतरी घरांत ती मातृभाषा म्हणून बोलली जाते. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा उस्मानियाचा प्रयोग स्वतःच धाडसी होता. पण वर्गातल्या मुलाला न विचारता त्याची भाषा ठरवली गेली, ही गोष्ट दोन्हीकडे समान होती, आणि दोन्हीकडे विद्यार्थ्यांनीच तोंड उघडले.

पटावरचे नाव

हा अंक वाचकांच्या हाती पडेल त्याच दिवसांत कंधार, मुखेड, लोहा, जळकोट या बालाघाटच्या पट्ट्यातील तांड्यांवरून आणि वाड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. माणसाला अवजाराचे नाव. उचल फिटेपर्यंत कोयता कारखान्याच्या हद्दीत राहतो आणि सोबत मुलेही राहतात. मोठी मुलगी धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, वाढे गोळा करते. उन्हाळ्याच्या तोंडाशी टोळी परतते, तोवर वर्ष संपत आलेले असते.

इथे कोणी मूल विकत नाही, आणि चापूशी त्याची तुलना करणे त्या आईबापांवर अन्याय ठरेल. भारताने १९९२ मध्ये बालहक्क करार मान्य केला; शिक्षणहक्काचा कायदा २०१० पासून लागू आहे. साखरशाळा निघाल्या, मुले गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आली. तरीही उचल आईबापांनी घेतलेली असते आणि ती फेडताना मुलाचे शाळेचे वर्षही जाते. चापूचे नाव बदलले, जेकबचे बदलले, हेक्टरच्या घराने सवलतींसाठी बदलले. आपल्याकडे नाव बदलत नाही. ते शाळेच्या पटावर जसेच्या तसे राहते आणि मूल पाचटाच्या कोपीत असते.

हंगामी वसतिगृह किती महिने चालवायचे, कधी उघडायचे, तिथे धाकट्या भावाला ठेवता येईल का, मुलींना तिथे सुरक्षित वाटते का, हे ठरवताना आपण त्या मुलांना विचारतो का? बहुतेक वेळा सुरुवात शरणपूरसारखी होते : कोणी चांगला शिक्षक, कोणी चांगला अधिकारी मनावर घेतो आणि काम उभे राहते, त्याची बदली झाली की ते खाली बसते. दयेवर उभ्या राहिलेल्या कामाचे असेच होते.

मलिक अंबरचे नाव औशाने काही काळ मिरवले आणि मग टाकून दिले. त्याची आठवण ठेवायची असेल तर त्याच्या लढायांबरोबर त्याचे पहिले नावही आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवे. आणि १६ जूनच्या आसपास शाळा उघडते तेव्हा पहिल्याच आठवड्यात पट तपासून, मागच्या हंगामात कोण कोण नव्हते आणि का नव्हते, हे त्या त्या मुलाला समोर बसवून विचारता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. तासभर वेळ आणि उत्तर लिहून घेण्याची तयारी तेवढी लागते.